दोन ज्येष्ठा

मंडईबाहेरच्या फुटपाथवर तेरड्याच्या जुड्या दिसू लागल्या की भाद्रपद आला हे मला पंचांग उघडण्याआधीच कळते. मुळांना चिकटलेली ओली माती, प्रवासात किंचित माना टाकलेली पाने, आणि वास म्हणावा तर जवळजवळ नाहीच. शेजारच्या टोपलीतला केवडा लांबूनच हाक मारीत असतो. तेरडा गप्प असतो. तरी गौर म्हणून घरात येण्याचा मान त्याचाच. परवा तशी एक जुडी घेऊन आले, पाण्याच्या पातेल्यात ठेवली, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढवून घेतली आणि गौरींचे पितळी मुखवटे चिंचेने घासायला बसले. त्या आंबट वासात पितळ उजळू लागते तेव्हा आधी नाकाचा शेंडा चमकतो, मग गाल, आणि सर्वांत शेवटी डोळे उघडल्यासारखे वाटतात. ते डोळे माझ्याकडे पाहू लागले आणि मला तो भाद्रपद आठवला, ज्या वर्षी माझ्या घरी दोन ज्येष्ठा आल्या.

आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. लोखंडी स्टँडवर धड, त्यावर मुखवटा, अंगावर साडी आणि पायाशी धान्याची रास. बहुतेक घरांतून दोघींची उंची सारखी असते; आमच्या घरच्या रीतीप्रमाणे थोरली धाकटीपेक्षा चार बोटे उंच. शिवलेल्या साड्या घ्यायच्या तर दोन मापांच्या घ्याव्या लागतात. पुण्यात हे माप न विचारता ठाऊक असणारे एकच दुकान होते, आणि त्याचे नाव मी ठेवले होते.

रेवती माझी विद्यार्थिनी. मी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. ती हुशार होती, परंतु द्विवचनाशी तिचे उघड वैर होते. "बाई, मराठीला एक आणि अनेक एवढं पुरतं. मग संस्कृतला हे मधलं दोन कशाला हवंय?" असे तिने एकदा भर वर्गात विचारले. "तुझं लग्न होईल तेव्हा कळेल," असे मी म्हटले आणि वर्ग खो खो हसला. निवृत्तीनंतर मी पौरोहित्य करू लागले, आणि योग असा की तिचे लग्नही मीच लावले. मुलगा अमरावतीचा, प्रशांत नावाचा. हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत. बोलणे एरवी आमच्यासारखेच, पण गडबडला की वऱ्हाडी होई. सप्तपदीच्या वेळी तो फार गंभीरपणे पाऊल टाकीत होता, जणू फरशी ओली आहे. सातवे पाऊल मैत्रीचे असते, हे मी दोघांना मराठीत समजावून सांगितले तेव्हा तो हळूच म्हणाला, "हे पहिलंच ठेवायला पाहिजे होतं नं, बाई."

त्याच्या आईकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. आईच्या महालक्ष्म्यांसाठी रेवतीने हौसेने साड्यांची पहिली जोडी शिवली, ती पाहून कोणा मावशीने मागितली, मावशीची पाहून आणखी कोणी. वर्षा-दोन वर्षांत प्रशांतने नोकरी सोडली आणि पेठेतल्या एका गल्लीत, जिथे दोन माणसे आत गेली की तिसऱ्याने बाहेर थांबावे, असे दुकान थाटले. "बाई, नाव तुम्ही द्या," म्हणून दोघे पेढे घेऊन आले. मी 'उभे' असे नाव दिले. संस्कृतात 'उभ' म्हणजे दोन्ही, जोडीतले दोघे. हा शब्द फक्त द्विवचनातच चालतो. त्याला एकवचन नाही, अनेकवचनही नाही. दोघींविषयी बोलायचे तर त्याचे रूप 'उभे'. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, उभे. "घे, तुझं द्विवचन," असे मी रेवतीला म्हटले तेव्हा तिने मला वाकून नमस्कार केला, आणि मान वर करताना डोळे मिचकावले.

पेठेला अर्थात संस्कृताशी कर्तव्य नव्हते. माझ्या शेजारच्या सुमनताई दुकानाची पाटी पाहून म्हणाल्या, "अहो, 'उभे' असं लिहून ठेवलंय, म्हणजे गिऱ्हाइकानं खुर्ची मागू नये, असंच ना?"

"गौरी उभ्या असतात म्हणून, ताई," असे प्रशांत नम्रपणे म्हणाला.

"त्या देवी आहेत. माझे गुडघे मनुष्याचे आहेत."

दुसऱ्या दिवशी दाराशी एक स्टूल आले. सुमनताई त्यावर बसून मग रोज त्या दुकानाला नावे ठेवू लागल्या.

मला त्या दुकानातला दुपारचा प्रहर फार आवडे. मधोमध एक टेबल. एका बाजूला तो कापड बेतीत असे, दुसऱ्या बाजूला ती मशीनवर. कात्रीचा लांब, न थांबणारा आवाज. मग मशीनची घरघर. मग जरीचा काठ इस्त्रीखाली आला की येणारा तो थोडासा जळका, थोडासा गोड वास. बोलणे फारसे नसे. तिने हात पुढे केला की त्यात दोरा, कात्री, टाचणी, जे हवे ते येऊन पडे. त्या धंद्यात 'एक' असे कोणी म्हणत नाही, जोड म्हणतात. चार जोड गेले, दोन जोड राहिले. हंगामाची पहिली कात्री दरवर्षी माझ्या ज्येष्ठेच्या साडीवर चाले. तसा त्यांचा नेमच होता. पिंपळाच्या पानाएवढे हळदीकुंकू कापडाच्या कोपऱ्याला लावायचे, आणि मग कात्री.

त्याच टेबलाने त्यांचा संसार हळूहळू खाल्ला, असे मला पुष्कळ नंतर उमजले. मी एकदा रेवतीला विचारले होते, की तुमचे काही भांडण आहे का. ती बराच वेळ पदराचा काठ सरळ करीत राहिली. "भांडण नाही हो, बाई. आम्ही ऑर्डरबद्दल बोलतो. सकाळी ऑर्डरबद्दल, जेवताना ऑर्डरबद्दल. परवा मला ताप होता. त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, मग बुधवारची डिलिव्हरी? त्याला तसं म्हणायचं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण त्याच्याकडे दुसरं वाक्यच उरलेलं नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं." मी तिला थोडी भक्तीची, थोडी धीराची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली.

त्या वर्षी श्रावण सरता सरता दोघे माझ्याकडे आले. बरोबर नव्हे, पाठोपाठ. प्रशांत वाघोलीला खोली घेऊन राहू लागला होता. परस्पर संमतीने अर्ज झाला होता आणि न्यायालयाने फेरविचाराला दिलेली मुदत चालू होती. बाकी सगळे समजुतीने ठरले होते. मशीन तिचे, कापायचे टेबल त्याचे. टेबल वाघोलीला गेलेही होते. अडले होते ते एका नावापाशी. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक जोडले होते ते त्या नावाने, आणि ते दोघांनाही हवे होते. पुढच्या तारखेपर्यंत नावाचे ठरले नाही तर दुकान कायमचे बंद करून असेल तो माल विकून टाका, असा सल्ला वकिलांनी दिला होता.

"नाव तुम्ही दिलं होतं, बाई," प्रशांत म्हणाला, "तर तुम्हीच सांगा कुणाचं. मी मानीन."

"मीही," असे रेवती खिडकीकडे पाहत म्हणाली.

मसुद्याचा कागद माझ्या हातात होता. 'उभय पक्षांनी असे ठरविले आहे की,' अशी त्याची सुरुवात होती. माझी नजर पहिल्या शब्दावरच थांबली. 'उभय' हा 'उभ'चाच सख्खा भाऊ. अर्थही तोच, दोन्ही. पण वैयाकरणांनी त्याविषयी एक विचित्र गोष्ट सांगून ठेवली आहे. 'उभय'ला एकवचन आहे, अनेकवचन आहे, फक्त द्विवचन नाही. आयुष्यभर मी हा नियम मुलांकडून घोकून घेतला, आणि हा असा का असावा, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. समोरची दोन माणसे खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसली होती. माणसे तीच, अर्थ तोच. जोडीचे रूप तेवढे गेले होते.

मी त्यांना म्हटले, "गौरी जाऊ देत. मग सांगते." माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि देवघरात बसून मागितले तरी ते लगेच येईल असे वाटत नव्हते. आपल्या धर्माने देवाला निरोप द्यायची रीत किती हळुवार घालून दिली आहे! दहीभाताचा नैवेद्य, मूर्ती जागची जराशी हलवणे, अक्षता, पुन्हा येण्याची विनंती. लग्न लावायला माझ्यापाशी मंत्र होते. ते सोडवताना मी काय म्हणावे, हे मला कोणत्याही पोथीने शिकवलेले नव्हते.

ऑर्डरी आधीच घेतलेल्या होत्या, त्या टाळता येण्याजोग्या नव्हत्या. गौर कोणासाठी थांबत नाही. त्यांनी त्या आपसांत वाटून घेतल्या. पेठेतले जोड तिने शिवायचे, उपनगरांतले त्याने. माझा जोड कोणी करायचा यावर मात्र दोघेही अडले, आणि शेवटी एका ताग्यातल्या डाळिंबी कापडाचे दोन भाग होऊन एक साडी त्याने, एक तिने करावी असे झाले. कोणी कोणती, हे एकाने लिहिले नाही आणि दुसऱ्याने विचारले नाही.

आवाहनाच्या दिवशी सकाळी मी साड्यांची पुडकी उघडली. ज्येष्ठेला साडी नेसवली, सुरेख बसली. कनिष्ठेला नेसवली, तर हिरवा काठ जमिनीवर चार बोटे लोळू लागला. मी दोन्ही साड्या काढून एकीवर एक ठेवून पाहिल्या. तंतोतंत सारख्या. दोन्ही थोरलीच्या.

रागावण्याऐवजी मला त्या साड्यांच्या कोपऱ्याकडे पाहत राहावेसे वाटले. दोन्हींना, पिंपळपानाएवढे, हळदीकुंकू लागलेले होते. हंगामाची पहिली कात्री बाईंच्या ज्येष्ठेवर, हा नेम दोघांनी आपापल्या जागी, एकमेकांना न सांगता पाळला होता. दुसरी साडी दुसरा करील, असे दोघांनी गृहीत धरले होते.

मी दोघांनाही फोन केला आणि दोघांनाही दुसऱ्याविषयी काही सांगितले नाही. रेवती पायीच आली. तिने अजून सुई ओवली नव्हती तोच वाघोलीहून स्कूटरवर प्रशांत पोहोचला. दार उघडायला तीच गेली आणि दोघे एकमेकांसमोर आले.

"तू ज्येष्ठेची का केलीस?" तिने विचारले.

"मी? पहिली कायची असते आपली? दरवर्षी कायची असते?"

"मग मला विचारायचं तरी!"

"तू विचारलं?"

"अरे बाळांनो," मी म्हटले, "आवाहनाची वेळ टळायच्या आत माझ्या धाकटीला कपडे मिळतील का?"

मग दोघे कनिष्ठेच्या पायाशी गुडघे टेकून बसले. रेवतीने खालचा काठ आत दुमडायला घेतला. "खालून नको," तो म्हणाला, "काठ जाईल. तो राहू दे तसाच. कमरेत घे." "कमरेत निऱ्या फुगतील." "मी धरतो नं निऱ्या." तिने साडीची कंबर उसवली. तो एकेक निरी बोटांत धरून राहिला आणि ती धावदोरा घालीत गेली. जे कमी करायचे ते कमरेच्या आत, जिथे पदर येतो आणि कोणाला दिसत नाही, तिथे गेले. काठ जमिनीला नुसता स्पर्श करीत राहिला. शेवटचा टाका झाला. रेवती दोरा दाताने तोडणार, इतक्यात तिच्या हातात कात्री होती. त्याने खिशातून कधी काढली ते मी पाहिलेही नाही. तिने दोरा कापला, कात्री हातातच धरली, आणि बराच वेळ परत दिली नाही.

उंबऱ्यापासून देवघरापर्यंत मी कुंकवाची पावले काढली होती. गौर कशाच्या पावलांनी आली, असे विचारायचे आणि सोन्याच्या पावलांनी, असे उत्तर द्यायचे, ही आमच्याकडची पद्धत. घरात दुसरे कोणी नसल्यामुळे विचारणारी मी, आणि उत्तर देणारे ते दोघे. एकदम बोलले, आणि मग दोघेही संकोचले. सुमनताई तेवढ्यात हळदीकुंकवाला आल्या. गौरींकडे पाहून म्हणाल्या, "काय शोभतेय हो जोडी!" आणि मग मागे बसलेल्या दोघांकडे त्यांची नजर गेली. एरवी ज्यांच्या तोंडी दुसरे वाक्य तयार असते अशा त्या बाई चटकन म्हणाल्या, "मी आरतीला येते," आणि गेल्या.

पहिल्या दिवशी आमच्याकडे भाजीभाकरीचा नैवेद्य असतो. शेपूच्या त्या वासात, देवघरासमोरच्या जमिनीवर आम्ही तिघे जेवायला बसलो. मला वाटले, आता सांगणे भाग आहे. म्हणून मी जे खरे होते तेच सांगितले: "मी दिलेला शब्द द्विवचनाचा आहे. त्याला एकवचन नाही. तो तुला दिला तर चुकीचा, तुला दिला तरी चुकीचा. अर्धा करता येत नाही. मला दुसरं काही सुचत नाही रे."

मग रेवती म्हणाली, "बाई, ते संस्कृतात. मराठीत 'उभे' म्हणजे काय?"

"मराठीत? उभे असणे. आणखी काय?"

"मराठीत ते एकालाही चालतं ना? झाड उभे. घर उभे." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "दुकान उभे."

"चालतं."

"मग संस्कृतातलं नाव तुमच्यापाशी राहू द्या. ते आमच्या दोघांचं होतं, ते कुणालाच नको. मला मराठीतलं पुरे." आणि मग कितीतरी वेळाने प्रथमच ती त्याच्याकडे पाहून बोलली. "चालेल तुला?"

प्रशांतने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "चालेल," तो म्हणाला. "आमच्याकडच्या महालक्ष्म्यांजवळ बाळं बसवतात, बाई. त्यांची अंगडी-टोपडी इकडं कोणी नीट शिवून नाही राहिलं. वाघोलीत आमची माणसं पुष्कळ आहेत. मी ते करतो." रेवतीने एकदा मान वर करून त्याला पाहिले. "टोपड्याला आतून मलमल लाव," ती म्हणाली, "जरीचा काठ टोचतो." देवाच्या बाळाला जरीचा काठ टोचेल, ही काळजी करणाऱ्या त्या मुलीपुढे माझे सगळे व्याकरण मला अपुरे वाटले. मी दोघांच्या भाकरीवर तूप वाढले आणि उठले, कारण माझ्याने तिथे बसवेना.

गौरी गेल्या, आणि मग न्यायालयाची तारीख आली. कागदावर उभय पक्षांच्या सह्या झाल्या. त्या दिवशी मी मनात सप्तपदी पुन्हा चालून पाहिली. अन्नाचे पाऊल, बळाचे, समृद्धीचे, एकेक मागे घेता येईल असे वाटले. सातव्यापाशी मी थबकले. त्याविषयी त्या कागदात एक अक्षरही नव्हते.

त्यानंतरची काही वर्षे माझा जोड रेवतीकडेच होत आला. प्रशांतचे दुकान वाघोलीत हळूहळू बस्तान बसवीत होते. यंदा त्याचा फोन आला. "बाई, यंदा एक साडी माझ्याकडची घ्या नं." मी रेवतीला विचारले. ती म्हणाली, "घ्या की. एक त्याची, एक माझी." कोणी कोणती करायची, हे तिने विचारले नाही, त्यानेही नाही, आणि मला जुने सगळे आठवत असूनही, ते बोलून दाखवायला जीभ वळली नाही.

आज आवाहन. मघाशी मी पुडकी उघडली. एक सदाशिव पेठेचे, एक वाघोलीचे. कापड या वेळी ज्याचे त्याने घेतलेले, तिची मोरपंखी, त्याची चिंतामणी रंगाची. कनिष्ठेला मोरपंखी नेसवली; अगदी बेताची बसली. ज्येष्ठेला चिंतामणी नेसवली, तर काठ जमिनीपासून चार बोटे वरच राहिला. मी दोन्ही साड्या एकीवर एक धरून पाहिल्या. तंतोतंत सारख्या. दोन्ही धाकटीच्या. थोरलीचा मान दोघांनीही एकमेकांसाठी सोडून ठेवला होता.

मी पुन्हा तशाच नेसवून ठेवल्या आणि मुखवट्यांपुढे हात जोडून बसून राहिले. सुमनताई आल्या आणि नेहमीप्रमाणे त्यांनी आधी चूकच पाहिली.

"अहो, थोरलीची साडी आखूड झाली की! स्टँडचे पाय दिसताहेत."

"आखूड नाही. दोघींनाही धाकटीचीच आली आहे."

"म्हणजे पुन्हा चूक? बोलवा त्या दोघांना. मागच्यासारखं बसवा दोघांना..."

"नको," मी म्हटले. "चूक मागे झाली होती."

सुमनताईंनी चष्मा वर सरकवला. ज्येष्ठेकडे पाहिले, मग कनिष्ठेकडे, मग माझ्याकडे. त्या माझ्याच स्वयंपाकघरात गेल्या, तांदळाचा डबा काखेत मारून आल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर कशाबशा वाकून त्यांनी ज्येष्ठेच्या पायाशी ओंजळीमागून ओंजळ घालीत रास उंच केली, पार काठाला टेकेपर्यंत.

"घ्या," हात झटकीत त्या म्हणाल्या. "आता कोण विचारतंय?"